रुमालाखालचा आकडा

मित्रांनो, आज मला पाहिलं तर तुमी फडकं समजून बाजूला टाकाल. पण मी एक जुना सौद्याचा रुमाल आहे. ओतूरच्या रमणलालशेठांच्या धान्याच्या दुकानातला. नव्या ताग्यातनं मला कापलं आणि शेठजींच्या बायकोनं, प्यारीबाईंनी, माझ्या चारी कडा हातानं शिवल्या. इतके बारीक टाके की अजून एकही सुटला नाय.

घाम पुसणं हे माझं काम नव्हतं. बाजरी-हरभऱ्याचा सौदा निघाला की शेठजी मला हातावर टाकायचे. समोरचा व्यापारी माझ्याखाली हात घालायचा. एक बोट धरलं की एक, पंजा धरला की पाच. तोंडानं गप्पा पोरीच्या लग्नाच्या, भाव मात्र बोटांत. दुकान माणसांनी भरलेलं असलं तरी कुणाला पत्ता लागायचा नाय. माझं लई नाव व्हतं. राजुरीचे व्यापारी कुंडलिकभाऊ तर मला कपाळाला लावायचे.

शेठजींचा नातू अरिहंत कॉलेज झाल्यापासून दुकानात बसायचा. माल बघायचा, ट्रक भरून द्यायचा, सौदेसुद्धा करायचा. पण दुकानाला किती पैसे सुटतात, ते शेठजी त्यालाही सांगत नसत. मग पोरगं मोबाइलवर बघून बघून कंपन्यांचे हिशेब शिकलं. चाकणच्या एका कंपनीत फायनान्सची जागा निघाली. मुलाखतीला बोलावणं आलं.

शेठजी म्हणाले, "जा. पण एकदाच. नाय झालं तर जन्मभर नोकरीचं नाव काढायचं नाय. गुमान दुकान बघायचं."

कुंडलिकभाऊंनी टोमणा मारला, "अरिहंतशेठ, आता टाय बांधून बाजरी चाळणार का राव?"

अरिहंत हसला नाय. निघताना प्यारीबाईंनी मला त्याच्या खिशात कोंबलं. "घाम लई येतो पोराला."

खरंच आला. मुलाखतीच्या खोलीत एसी चालू, तरी मी चिंब. समोर तीन माणसं. मधोमध निर्मला मॅडम, फायनान्स खात्याच्या प्रमुख. ट्रकभाडं वाढलं तर मालाची किंमत कुठं जाईल, हे अरिहंतनं धडाधड सांगितलं. मग चष्मेवाल्या साहेबांनी विचारलं, "पगाराची अपेक्षा किती?"

अरिहंतनं तिघांकडं आळीपाळीनं पाहिलं. तीन माणसांसमोर आपला भाव तोंडानं बोलायचा? असं त्यानं कधी केलंच नव्हतं. त्याचा हात आपोआप हलला. मला उजव्या पंजावर पसरलं आणि पंजा टेबलावरनं साहेबांपुढं सरकवला.

साहेब खुर्चीत मागं सरले. "हे काय?"

तेव्हा कुठं पोराला कळलं आपण काय केलं. मला वाटलं, संपलं. आता जन्मभर दुकान.

निर्मला मॅडम माझ्याकडं बघत राहिल्या. "आमचे बापू मेंढरं विकायचे. असंच, फडक्याखाली." बोलता बोलता त्यांची ऑफिसातली भाषा सुटली, गावची आली. "मेंढरांमागं आई उन्हातान्हात हिंडायची. पण भाव काय आला, ते तिला शेवटपर्यंत कळलं न्हाई. काढा तो रुमाल. आमच्या खात्यात आकडा मोठ्यानं सांगावा लागतो, चुकला तरी. जमंल?"

अरिहंतनं मला उचललं. मग मोठ्यानं बोलला. "पंचेचाळीस हजार."

"जास्त आहेत," साहेब म्हणाले.

"असतील सर. पण खरं सांगू का? आमच्या दुकानाला किती सुटतात हेच मला म्हाईत नाय. इतकी वर्षं मी आंधळ्यासारखा धंदा केला. आता डोळे उघडे ठेवून काम करायचंय."

"कळवतो," एवढंच उत्तर मिळालं. एसटीत घरी येईपर्यंत पोरानं मला मुठीत पिळून काढलं.

पुढच्या आठवड्यात दुकानातच त्याचा मोबाइल वाजला. अरिहंतनं कंपनीचा मेल वाचला. शेठजी त्याच्या तोंडाकडं बघत व्हते. कुंडलिकभाऊ चहा पीत व्हते. प्यारीबाई कप न्यायला आलेल्या.

"झालं का?" शेठजींनी विचारलं.

"झालं."

शेठजींनी हात पुढं केला. "टाक रुमाल. सांग किती देतात."

अरिहंतनं मला खिशातनं काढलं. घडी केली आणि प्यारीबाईंच्या हातात दिली. मग म्हणाला, "दादाजी, चाळीस हजार. महिन्याला."

कुंडलिकभाऊंचा कप ओठाशीच थांबला. शेठजी लालबुंद. "अरे, सगळ्यांसमोर?"

"दादीसमोर सांगायचं व्हतं," अरिहंत म्हणाला.

प्यारीबाई माझ्या कडेच्या टाक्यांवरनं अंगठा फिरवत व्हत्या. त्यांनी हळूच विचारलं, "आणि अहो, आपल्या दुकानाला किती सुटतात?"

शेठजींचा हात अजून तसाच पुढं. उघडा. पाचही बोटं दिसत व्हती. मग शेठजी गादीवर थोडे सरकले. त्यांनी शेजारी प्यारीबाईंसाठी जागा केली.

"बस," ते म्हणाले. "सांगतो."

मित्रांनो, आता मी अरिहंतचा डबा बांधतो. हळदीचे डाग पडलेत, कपाळाला मला कुणी लावत नाय. जुन्या कापडाला खुशाल वापरा. घाम पुसा, डबा बांधा, धुऊन उन्हात टाका. फक्त ज्या हातांनी मला शिवलं, त्या हातांपासून काही लपवायला मला पसरू नका.