सुलभाताईंच्या ठोक्यांची सरासरी

उमाकांतरावांनी उभी हयात बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात रडारपाशी काढली. आलेल्या संकेतातला कचरा गाळायचा आणि खरं तेवढं ठेवायचं, हेच काम. निवृत्तीनंतर ही खोड घरात शिरली. घरात रडार नसल्यामुळे बायको तावडीत सापडली.

सुलभाताईंच्या छातीत अधूनमधून फडफडायचं, जिना चढताना धाप लागायची. शेजारच्या अक्का म्हणाल्या, डॉक्टरला दाखवा. उमाकांतरावांनी त्याऐवजी ईसीजी काढणारं घड्याळ आणलं, बायकोच्या मनगटाला बांधलं आणि आलेले सगळे ठोके संगणकावर एकावर एक रचून त्यांची सरासरी काढली. ठोका असा देखणा निघाला की त्याची दृष्टच काढावी!

"बघ, ठणठणीत आहेस."

"मग फडफडतं ते काय?"

"मनाचे खेळ."

सुलभाताईंना राग आला. त्याहून वाईट म्हणजे, आपलंच चुकतंय की काय, असं त्यांना वाटू लागलं. एकदा भाजी घेताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा मात्र त्यांनी कुणालाही न विचारता बसवनगुडीच्या दवाखान्यासाठी रिक्षा ठरवली. उमाकांतराव आपला रंगीत आलेख घेऊन घाईघाईने शेजारी बसले.

डॉक्टर पवित्रा मूळच्या निपाणीच्या. "छान आहे की, काका. पण ईसीजीची मूळची पट्टी कुठं आहे?"

"ती फार ओबडधोबड होती. एक ठोका लवकर, एक उशिरा. ते सगळं गाळलं मी."

"स्वल्प थांबा. गाळलं?"

त्यांनी स्वतः ईसीजी काढला आणि कर्कटकाची दोन टोकं कागदावरच्या एका शिखरावरून दुसऱ्यावर ठेवत गेल्या. "बघा की, दोन ठोक्यांतलं अंतर कुठंच सारखं नाही. यावरूनच तर आजार ओळखायचा! तुम्ही नेमका आजारच गाळलात. अशा ठोक्यांनी हृदयात रक्ताची गाठ धरते, ती मेंदूत गेली की अर्धांगवायू. वेळेवर आलात. गोळ्यांनी आवरेल."

"म्हणजे मला होत होतं ते खरं होतं?" सुलभाताईंनी विचारलं.

"अगदी खरं, काकू."

सुलभाताईंचा चेहरा उजळला. आजार निघाल्याचा इतका आनंद त्या दवाखान्यात आजवर कुणाला झाला नसेल.

बाहेर येताच उमाकांतराव मात्र रंगीत आलेखाची घडी खिशात कोंबून पायरीवर बसले. सवयीने त्यांचा हात बायकोच्या मनगटावरच्या घड्याळाकडे गेला, आणि त्यांनी तो मागे घेतला.

"सुलभा, आत्ता कसं वाटतंय गं?"

एवढ्या संसारात हे त्यांनी पहिल्यांदाच विचारलं होतं, आणि विचारून चक्क उत्तराची वाट बघत होते. सुलभाताई शेजारी टेकल्या, पदर सारखा केला आणि उत्तर द्यायला भरपूर वेळ घेतला.