ताईची भूक

"ताई, काही खाल्लं नाही ना?"

फोनवर भावजय होती. रोज सकाळी बेकरीचं शटर वर गेलं न गेलं तोच तिचा फोन यायचा आणि पहिलं वाक्य हेच असायचं. ताईनं मोबाइल मान आणि खांदा यांच्यामध्ये दाबून धरला होता. दोन्ही हातांत भट्टीतून नुकत्याच निघालेल्या पावांचा ट्रे होता आणि त्यांची वाफ सरळ नाकात शिरत होती.

"नाही गं. पाणी प्यायले फक्त."

"आणि चहा?"

"काळा. बिनसाखरेचा. नुसतं कडू पाणी म्हण ना."

"दूध घातलं नाहीत ना चुकून?"

"नाही बाई."

"बघा हं. सगळं तुमच्यावर आहे आता."

फोन बंद झाला. ताईनं ट्रे काउंटरवर ठेवला आणि पाव कपाटात रचायला घेतले. लोक एकमेकांना जेवलीस का म्हणून विचारतात. ताईला ते कधी कुणी विचारलं नव्हतं, कारण तिच्याकडे बघून ती जेवली असणार याबद्दल कुणाच्या मनात शंकाच येत नसे. आता एक माणूस न चुकता विचारत होतं. उलटं का होईना, पण विचारत होतं. खोटं कशाला बोला, ताई त्या फोनची वाट बघायची.

तिला सगळेच ताई म्हणत. गिऱ्हाइकं म्हणत, मालक म्हणत, तिच्याहून वीस वर्षांनी मोठा भट्टीवालाही म्हणायचा. वय पंचेचाळीस, लग्न जमलं नव्हतं. का जमलं नाही याची लोक जी जी कारणं देत ती सगळी फिरून तिच्या आकारापाशी येऊन थांबत. सख्खा धाकटा भाऊ लहानपणापासून तिला 'लादी' म्हणायचा. चिकटलेल्या पावांची असते ती लादी. बेकरीत नोकरी लागली तेव्हा तर त्याला हसू आवरेना. "लादी लादीत गेली," असं तो येईल-जाईल त्याला सांगत सुटला होता. ताईही हसली होती. सगळ्यांबरोबर आपणही हसून घेतलं की निदान त्या हसण्यात आपला वाटा राहतो, हे ती फार लवकर शिकली होती.

आता त्याच भावाचं यकृत कामातून गेलं होतं. दारूनं नव्हे. कुणी विचारायच्या आत भावजय हे सांगून टाकायची. जुनी कावीळ आत दबा धरून बसली होती, ती अशी बाहेर आली. कुणाच्या तरी यकृताचा तुकडा काढून बसवायचा हा एकच इलाज उरला होता. घरातल्या सगळ्यांच्या तपासण्या झाल्या आणि जुळलं ते नेमकं ताईचं.

"रक्तगट जुळतो, वयही बसतं," डॉक्टर म्हणाले होते. "पण यांच्या यकृतावर चरबी आहे. ती उतरल्याशिवाय मी यांच्या अंगाला हात लावणार नाही."

खोलीतल्या सगळ्यांनी ताईच्या पोटाकडे पाहिलं. भाऊ तेवढा खिडकीबाहेर बघत राहिला.

"उपाशी मरायचं नाही," डॉक्टर पुढे म्हणाले. "तीन महिने वेळ बांधून घ्यायची. दुपारी बारा ते रात्री आठ या वेळात साधं जेवा. उरलेला वेळ पोट रिकामं. शरीर सांगेल भूक लागली म्हणून. सांगू दे. हळूहळू सांगायचं बंद करेल."

"करतील ताई," भावजय लगेच म्हणाली. ताईचा हातच धरला तिनं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

सांगणं सोपं होतं. बेकरीत काम करणाऱ्या बाईनं दुपारपर्यंत उपाशी राहायचं म्हणजे काय, ते डॉक्टरांना कुठून कळणार? सकाळचा पहिला घाणा भट्टीतून निघाला की भट्टीवाला कोपऱ्यातला खरपूस पाव ताईसाठी बाजूला काढायचा. ती तो गरम असतानाच मोडायची, आत लोण्याचा गोळा सारायची आणि पोत्यांच्या खोलीत उभ्या उभ्या खायची. तिच्या दिवसातलं तिचं असं तेवढंच होतं. बाकीचा दिवस दुसऱ्यांना हवं ते कागदात बांधून देण्यात जायचा.

पहिल्या दिवशी तिनं तो पाव परत केला तेव्हा भट्टीवाला रुसलाच.

"करपलाय का?"

"नाही हो. डॉक्टरांनी बंद केलंय बारापर्यंत."

"मला कोणी डॉक्टरनं पाव बंद केला असता तर मी डॉक्टर बदलला असता."

"भावाला द्यायचंय काळीज... म्हणजे यकृत हो. माझं."

भट्टीवाल्यानं लांब दांड्याचं फावडं भिंतीला टेकवलं. "तो तुम्हाला लादी म्हणतो तोच ना?" एवढंच विचारलं आणि उत्तराची वाट न बघता परत भट्टीकडे वळला. तो पाव त्यानं दुसऱ्या कुणाला दिला नाही, पुन्हा ट्रेमध्ये टाकला.

पहिले काही दिवस वाईट गेले. पोटात कावळे ओरडतात म्हणतात, पण ताईच्या डोक्यात ओरडत होते. कपाळ ठणकायचं, सुटे पैसे देताना नाणी काउंटरवर सांडायची. पाव ताजा आहे का, असं एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकानं सालाबादप्रमाणे विचारलं, तर ताई म्हणाली, "का, शिळा हवाय?" तो बिचारा पाव न घेताच गेला आणि ते तिला दिवसभर खात राहिलं. खायला परवानगी असलेलं तेवढंच होतं.

मग ती क्रीमची गोष्ट घडली. वाढदिवसाच्या केकवर नाव लिहायचं काम तिच्याकडे असे. तिचं अक्षर चांगलं. शेवटच्या अक्षराचा काना जरा जाड झाला, तिनं बोटानं पुसला आणि वीस वर्षांच्या सवयीनं बोट तोंडात घातलं. गोड लागलं. इतकं गोड की डोळे मिटले. आणि मग काय झालं ते कळून ती मोरीकडे धावली, थुंकली, चुळा भरल्या, आणि तिथंच भिंतीला टेकून रडली. एका बोटाएवढ्या क्रीमसाठी पंचेचाळीस वर्षांची बाई रडत होती. क्रीम थुंकल्याचं दुःख जास्त होतं की चाटल्याचं, तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी फोनवर तिनं ते भावजयीला सांगून टाकलं. न सांगता चाललं असतं, पण खोटं बोलणं तिला जमायचं नाही.

"ताई," भावजय म्हणाली, "इकडे माणूस हातातून जातंय आणि तुम्हाला क्रीम सुचतंय."

त्या दिवशी बारा वाजले तरी ताईनं डबा उघडला नाही. दोननंतर मालकांनी दटावलं तेव्हा उघडला.

पण डॉक्टर म्हणाले ते खरं निघालं. शरीर नमलं. भूक रोजच्या गिऱ्हाइकासारखी यायची, थोडा वेळ काउंटरपाशी ताटकळायची आणि कुणी लक्ष देत नाही म्हटल्यावर निघून जायची. ब्लाउज ढिले पडले. पोत्यांच्या खोलीत तिरकं न होता शिरता येऊ लागलं. मालक म्हणाले, "ताई, तुम्हाला बघून लोक आमचे पाव खायचे. आता आमच्या धंद्याचं काय?" ती हसली.

आत मात्र दुसरंच काही चाललं होतं. रात्री अंथरुणावर पडली की ती फासळ्यांखाली उजव्या बाजूला हात ठेवायची. इथला एक तुकडा त्याच्या अंगात जाईल. तिथं वाढेल. तो जेवेल, ऑफिसात जाईल, पोरीबाळींची लग्नं करेल, आणि प्रत्येक वेळी त्याला आठवेल की हे लादीमुळे. त्यानं तोंडानं आभार मानावेत अशी तिची अपेक्षा नव्हती. त्याला ठाऊक असावं, एवढंच. त्या एवढ्याशा गोष्टीसाठी ती आणखी वर्षभर उपाशी राहिली असती.

पुढे फोन यायचे कमी झाले. आधी एक दिवसाआड, मग आठवड्यात एखादा, मग बंद. ताईनं स्वतः लावला तेव्हा भावजय म्हणाली, "धावपळ चाललीय ताई, नंतर बोलते." धावपळ असणारच. ताई शटर वर करायची, मोबाइल काउंटरवर दिसेल असा ठेवायची, काळा चहा प्यायची आणि कामाला लागायची. कुणी विचारत नसलं तरी ती खात नव्हती.

डॉक्टरांनी सांगितलेली मुदत भरली तशी तिनं घराजवळच्या केंद्रात जाऊन पुन्हा तपासणी केली. पोटावरून यंत्र फिरवणारी डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघत म्हणाली, "छान. चरबी जवळजवळ गेलीच. काय केलंत?"

"भूक मारली," ताई म्हणाली.

ही बातमी फोनवर सांगायची नाही असं तिनं ठरवलं. रविवारी सकाळी लवकर उठली, भावाला चालतील असे बिनमिठाचे टोस्ट पिशवीत घेतले आणि त्याच्या घरी गेली.

दार भावजयीनं उघडलं. "अय्या, ताई," ती म्हणाली आणि क्षणभर दारातच उभी राहिली. मग बाजूला झाली.

टेबलापाशी भावजयीचा धाकटा भाऊ नाश्ता करत बसला होता. चांगला उंचापुरा. त्याच्यासमोर उकडलेली अंडी, लोणी लावलेले पाव, कापलेली फळं, दुधाचा मोठा पेला असा थाट होता. ताईला बघून तो अर्धवट उठला.

"बसा ना," भावजय म्हणाली, आणि लगबगीनं एक बशी ताईसमोर आणून ठेवली. दोन अंडी, लोणी लावलेला पावाचा एक जाड तुकडा. "घ्या. सकाळी निघाला असाल."

ताई हसली. "अगं, विसरलीस का? माझं बारानंतर."

"आता कशाला ते बारा आणि आठ? खा तुम्ही बिनधास्त. आता काय हरकत आहे?"

टेबलापाशी चावण्याचा आवाज थांबला. भावजयीच्या भावानं तिच्याकडे पाहिलं. "ताईंना सांगितलं नाहीस तू?"

"सांगणारच होते रे." भावजयीनं उगीचच टेबल पुसायला घेतलं. "गडबडीत राहून गेलं. याचंही जुळलं, ताई. आधी तयार नव्हता, मग घरच्यांनी समजावलं. डॉक्टर म्हणाले, तरणा आहे, निरोगी आहे, हेच बरं. मंगळवारी ऑपरेशन."

"कधी ठरलं?"

"महिना होत आला असेल." टेबल पुसता पुसता ती पुढे म्हणाली, "पण तुमचं तरी काय नुकसान झालं? किती बारीक दिसताय. फायदाच झाला की."

ताई उठली आणि आतल्या खोलीत गेली. भाऊ पलंगावर उशांना टेकून बसला होता. डोळे पिवळे, हातांच्या काड्या झालेल्या. पोट तेवढं फुगलेलं. तिला बघून त्यानं पांघरूण वर ओढलं.

"लादी," तो म्हणाला. "ओळखू येत नाहीस."

"चरबी गेली माझी. काल तपासलं." ती पलंगाच्या कडेला बसली. "तुझ्या मेव्हण्याचं ठरलंय म्हणे."

"हं."

"माझं घेणार होतात ना? वाट बघायची होती थोडी. चार दिवसांचा प्रश्न होता."

त्यानं पांघरुणाची कड दुमडली. मग म्हणाला, "मीच नको म्हटलं."

"का रे?"

"त्याचं काय, त्याचं मी फेडू शकतो. त्याला धंद्यात हात देईन, काहीतरी करेन. तुझं कसं फेडणार?"

"मी मागितलं असतं का कधी?"

"नाही. तू एक शब्द बोलली नसतीस, मला माहितीये." त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. "पण तू माझ्याकडे बघितलं असतंस. रोज. तसं बघणं मला सहन झालं नसतं, ताई."

तो तिला ताई म्हणाला होता. कितीतरी वर्षांत पहिल्यांदाच. ताईला वाटलं, ओरडावं. वाटलं, म्हणावं की तू मला ओळखलंच नाहीस. पण तसं म्हणता येईना, कारण त्यानं अगदी बरोबर ओळखलं होतं. अंथरुणावर पडून, बरगडीखाली हात ठेवून, ती रोज त्याच्याकडे तशीच तर बघत आली होती. तिला त्याचा राग आला. आणि तो मरू नये असंही तितकंच वाटलं. दोन्ही एकदम वाटत असताना माणसानं कुठं बघावं हे तिला कळेना. तिनं त्याचं पांघरूण पायांवर नीट केलं, टोस्टची पिशवी उशाशी ठेवली आणि बाहेर आली.

खुर्ची ओढून ती बशीसमोर बसली. नऊही वाजले नव्हते. तिनं पावाचा तो जाड तुकडा उचलला, मधोमध फाडला, आणि त्यातला अर्धा सगळ्यांदेखत खायला लागली. घाईनं नाही, लपवून नाही. भावजय कौतुकानं म्हणाली, "हां, असं. खा पोटभर."

अर्धा संपला आणि ताई थांबली. घास वर यायला लागला होता. उरलेल्या अर्ध्याकडे तिनं पाहिलं. लोणी चांगलं होतं, पाव ताजा होता, आणि तिला तो नको होता. कुणी मनाई केली म्हणून नव्हे. आतून हाकच येत नव्हती. इतकी वर्षं जिच्यापायी बोलणी खाल्ली ती भूक, तिनं स्वतःच्या हातानं, यांच्यासाठी, मारून टाकली होती. आणि ते मारणं आता कुणाच्याच उपयोगाचं नव्हतं.

"हे जात नाही मला," ती म्हणाली.

"राहू द्या," भावजय म्हणाली. तिनं ताईची बशी उचलली आणि आपल्या भावाच्या पुढ्यात सरकवली. "संपव रे तू. तुला ताकद लागणार आहे."

त्यानं एकदा ताईकडे पाहिलं, ओशाळला, आणि पाव तोंडात घातला. त्याचं खाऊन होईपर्यंत ताई बसून राहिली.