कानपिळीचं अर्धं मिनिट

पुसदला मी लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग करतो, त्याला आता सव्वीस वर्षं झाली. या धंद्यात गिऱ्हाईक नाना तऱ्हेचं येतं. कुणाला नवरी गोरी करून हवी असते, कुणाला भांडलेला व्याही कापून टाकायचा असतो. पण चांगलं चित्र मुद्दाम बिघडवा, असं म्हणणारा माणूस मी वामनरावांच्या आधी पाहिला नव्हता.

वामनराव पाटबंधारे खात्यातले बाबू. लग्नाला पंचवीस वर्षं होत होती, रविवारी घरी कार्यक्रम होता, म्हणून लग्नाची जुनी कॅसेट फडक्यात गुंडाळून घेऊन आले. तिच्यावरून डीव्हीडी काढायची होती. पेनड्राइव्हवर त्यांचा विश्वास नाही, त्यांची मुलगी गौरी त्यातलं सगळं पुसून गाणी भरते.

"वाहिदभाऊ, बाकी सगळं एकदम क्लिअर करा," ते म्हणाले. "फक्त कानपिळीचं अर्धं मिनिट जरा खराब करा."

"खराब?"

"हाव. धुरकट. तोंडं नाही दिसली तरी चालते."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "साहेब, खराबच पाह्यजे होतं त माझ्याकडे काहून आले? फडक्यानं कॅसेट पुसत बसा, चार दिवसांत खराब होते."

ते हसले, चहा प्यायले आणि "पाहा बुवा तुम्ही," म्हणून निघून गेले. कारण मला ठाऊक होतं. अख्ख्या पुसदला ठाऊक होतं. लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो, माझ्या बहिणीला नीट वागव म्हणून बजावतो आणि मानाचं कापड घेऊनच कान सोडतो. वामनरावांचा कान महागावच्या मेहुण्याने, स्वानंदने पिळला, आणि नवरदेवाच्या डोळ्यांत पाणी आलं. झालं! तेव्हापासून दिवाळी असो की बारसं, स्वानंदचं एकच सुरू. "म्या नुसतं बोट लावलं, अन् जावई रडला!" वामनराव गप्प बसून चिवड्याची ताटली पुढे सरकवत. ऑफिसातसुद्धा त्यांना मागून 'रडके बाबू' म्हणायचे. आता रविवारी साठ माणसांपुढे तेच पुन्हा होणार, तर बिचाऱ्याने दुसरं काय मागावं?

शिवाय यात माझंही पाप होतं. वीस वर्षांपूर्वी त्याच कॅसेटची सीडी मीच काढली होती. तीन तासांचं लग्न मी एका सीडीत कोंबलं. तोंडांचे चौकोन झाले, कुणी हात हलवला की त्याचे तुकडे पडत. दिसत होतं ते एवढंच, की स्वानंद कानाशी आहे आणि नवरदेव डोळे पुसतोय. तीच सीडी स्वानंदचा पुरावा होती.

यावेळी तसं करायचं नाही, असं मी ठरवलं. एका डिस्कमध्ये जेमतेम एक तास. प्लेयरचं हेड स्पिरिटने पुसलं, कॅसेट एकदा पुढे-मागे फिरवून मोकळी केली, आणि सीडीला हात न लावता मूळ कॅसेटवरूनच चित्र कॉम्प्युटरात घेतलं. कानपिळी आली तेव्हा डाग दिसतो का पाहायला पडद्याला नाक लावून बसलो, आणि तसाच बसून राहिलो.

स्वानंदचा हात कानापर्यंत पोचलाच नव्हता, त्याच्या आधीच वामनरावांचे डोळे भरले होते. खाली पाहिलं तर नवरीचा हात नवरदेवाच्या हातावर, आणि तिची पाचही नखं त्यात रुतलेली. माझ्या सीडीत त्या जागी नुसता मेंदीचा लाल डाग होता. वीस वर्षं एका माणसाला रडका ठरवणाऱ्यांत मीही होतो. लाज वाटली मला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वामनरावांच्या घरून मंजुषावहिनी एकट्याच आल्या. "वाहिदभाऊ, यायनं तुमाले काही सांगितलं असंल. ते ऐकू नका. कानपिळी मले क्लिअर पाह्यजे."

"पाह्यलं म्या, वहिनी. नखं."

त्या खुर्चीवर टेकल्या. "हे मले हसवून राह्यले होते, भर होमापुढं. समोर सासूबाई. नवरी हसली असती त जल्मभर ऐकावं लागलं असतं मले. म्हणून बोचकारलं. जरा जास्तच लागलं. अन् तेवढ्यात स्वानंदनं कान धरला."

"मग सांगितलं काहून नाही कोणाले?"

"हे सांगू देत नाहीत. म्या दोनदा सांगितलं, त भाऊ म्हणते नवऱ्याची बाजू घेते. आता त्याले डोळ्यानंच पाहू द्या."

गिऱ्हाईक दोन आणि अर्धं मिनिट एकच. वामनराव 'पाहा बुवा' म्हणाले होते, मी पाहिलंही होतं. मग माझ्या अंगातला मिक्सिंगवाला जागा झाला. आम्ही लोक हार घालताना तोच हार तीनदा, संथ करून दाखवतो. मी कानपिळी तीनदा घेतली, दुसऱ्यांदा संथ, तिसऱ्यांदा आणखी संथ. चित्र बिघडू नये म्हणून सगळ्यात कमी स्पीडवर तीन डिस्क काढल्या आणि रविवारी दुपारी स्वतःच घेऊन गेलो.

बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. कानपिळी आली तसा स्वानंद उठून टीव्हीजवळ उभा राहिला. "पाहा आता! नुसतं बोट लावतो!"

पहिल्यांदा सगळे हसले. वामनरावांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पाण्याचा ग्लास उचलला. दुसऱ्यांदा गौरी ओरडली, "थांबा! बाबा आधीच रडताहेत! आईचा हात पाहा!" सगळ्या माना पुढे झाल्या. स्वानंदचं बोट हवेतच राहिलं.

"ताई? तूनं?"

"मंग? दोनदा सांगितलं तुले."

"अन् भाऊजी, तुमी पंचवीस वर्षं ऐकून घेतलं? कायले?"

वामनराव अवघडून म्हणाले, "आईले समजलं असतं त हिलेच बोलली असती. मले बोलले, त माझं काय गेलं?"

स्वानंदने मात्र हार मानली नाही. "पण असं काय बोलले तुमी हिले, का हिनं बोचकारलं?"

"ते राहू दे."

"नाही, सांगा!"

वामनरावांनी एक सुस्कारा सोडला आणि पडद्याकडे बोट केलं. तिथे तिसरी, सगळ्यात संथ कानपिळी सुरू झाली होती. "म्या म्हन्लं, तुझा भाऊ मले दम द्याले येऊन राह्यला, पण त्याची नाडी पाहा."

मी आठवडाभर ते चित्र पाहत होतो, पण माझी नजर हातांवरच होती. आता साठ माणसांनी पाहिलं. जरीच्या कुर्त्याखालून, गोंड्यासकट, गुडघ्यापर्यंत लोंबणारी पायजम्याची नाडी, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. एकेक धागा मोजून घ्यावा इतकी स्वच्छ.

सगळ्यांच्या आधी मंजुषावहिनींना हसू फुटलं. त्यांनी पदर तोंडाशी नेला आणि मग तसाच सोडून दिला. नवऱ्याचा हात धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत त्या हसत राहिल्या. होमापुढे त्यांना हसता आलं नव्हतं.