अकरा वर्षं उघडा ठेवलेला व्हॉल्व्ह

"काका, हा व्हॉल्व्ह कुठल्या बाजूला उघडतो?"

रस्त्याकडेच्या खड्ड्यात उतरलेली पोरगी मान वर करून मला विचारत होती. पोरगी म्हणजे आमच्या गावच्या पाणी समितीची नवी अध्यक्ष. वय तेवीस, टेलरची धाकटी.

"सगळे उघडतात त्याच बाजूला. डावीकडे," मी म्हणालो. "तीस वर्षं गावाला पाणी सोडतोय मी. आता तू शिकव मला!"

"शिकवत नाही हो. नकाशावर लिहायचंय."

तो नकाशा म्हणजे माझं दुखणं होतं. कुठला पाइप कुठून वळतो, कुठल्या व्हॉल्व्हला किती फेरे, सगळं माझ्या डोक्यात. कागदावर एक अक्षर नाही. एकदा मी तापाने फणफणलो होतो, तर चौघांनी मला खुर्चीत बसवून टाकीपाशी उचलून नेलं होतं. बायकोने कपाळाला हात लावला, पण खरं सांगतो, मला आतून गुदगुल्या होत होत्या. आता हे सगळं नकाशावर उतरवून ठेवलं की कोणीही सोम्यागोम्या पाणी सोडेल. मग मला कोण विचारतो?

पण या पोरीला नाही म्हणवत नव्हतं. त्याला कारण आधीच्या रविवारचं.

आमच्या वरच्या आळीच्या नळांना करंगळीएवढी धार येते. वरचे म्हणायचे, खालचे पाणी पळवतात. खालचे म्हणायचे, चढावर राहता, आम्ही काय करू? भांडण इतकं पेटलं की लग्नाला जाणंयेणं बंद. आजवरच्या प्रत्येक अध्यक्षाने मोठी मोटर आणतो म्हणून सांगितलं आणि खुर्ची उबवली. ही म्हणाली, "चढ आहे, मान्य. पण टाकी तर त्याच्याही वर आहे. आधी मोजू या." एकाच सकाळी, एकाच वेळी, प्रत्येक नळाखाली एकसारखी बादली. आणि घड्याळ धरून वरच्या आळीत खालची माणसं उभी राहणार, खालच्या आळीत वरची.

मी हसलो होतो. "अगं, यांची तोंडं दोन दिशांना. कोण येणार आहे?"

सगळे आले! ती घरोघरी जाऊन प्रत्येकाला म्हणाली होती, "तुमच्यावर विश्वास आहे म्हणून तुम्हालाच पाठवतेय." खालच्या आळीचा बेकरीवाला, तोंडाने महाफटकळ माणूस, सत्तर पायऱ्या चढून धापा टाकत माझ्या ताईच्या नळापाशी उभा राहिला. बादली भरायला एकोणीस मिनिटं लागली. तो बसला नाही, की बोलला नाही. बादली भरल्यावर ती स्वतः उचलून ताईच्या चुलीपाशी ठेवली आणि म्हणाला, "मावशी, आमच्याकडे एका मिनिटात भरते." मी तोंडात बोट घातलं. अकरा वर्षांत जे शिव्यांनी झालं नाही ते या पोरीने एका बादलीने केलं.

आता ताईचं सांगतो. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांचा, ताई बारा. तिनेच मला वाढवलं. आणि ती गेली अकरा वर्षं रोज दोनदा खालच्या नळावरून दोन कॅन भरून त्या सत्तर पायऱ्या चढते. माझ्याकडून होईल ते मी केलं होतं. वरच्या आळीचा हा व्हॉल्व्ह नवा बसवला त्या दिवशी मीच तो पूर्ण उघडला आणि पुन्हा कधी बंद केला नाही. बाकीचे रोज उघडतो, मिटतो, हा नाही. उलट दरवर्षी अंगातला सगळा जोर लावून डावीकडे आणखी दाबून बघायचो, कोणी मेल्याने फिरवला तर नाही ना म्हणून.

"काका," खड्ड्यातून आवाज आला, "जरा खाली येता?"

नकाशासाठी नंबर उतरवून घ्यायला तिने ब्रशने गंज खरवडला होता. चाकावर लोखंडात ओतलेला बाण होता. बाणाचं टोक उजवीकडे. खाली अक्षरं, 'उघडा'.

मी दोनदा वाचलं. हा व्हॉल्व्ह उलटा होता, आणि मी तो अकरा वर्षं आवळून बंद करत होतो. तळाशी खडा अडकला असेल म्हणून करंगळीएवढं तरी जात होतं.

पोरीने नकाशावर बाण काढला, पेन बंद केलं आणि बाजूला सरकली.

"चाक तुम्हीच फिरवा," ती म्हणाली. "आणि सभेत काय सांगायचं, तेही तुम्हीच ठरवा. मी बाणाशिवाय काही लिहिलेलं नाही."

तेवीस वर्षांची पोर! तिच्या जागी मी असतो तर गावभर दवंडी पिटली असती.

"मीच सांगेन सभेत, अध्यक्षबाई," मी म्हणालो. इतके दिवस हा शब्द मी थट्टेने म्हणत होतो. त्या दिवशी थट्टा नव्हती. "पण आधी एका घरी सांगून येतो."

उजवीकडे अठरा फेरे झाले. पाइप आतून घरघरला आणि मग पाणी धावल्याचा आवाज आला.

मी वर पोचलो तेव्हा ताई दारात उभी होती. नळ धो धो वाहत होता, बादली भरून पाणी अंगणात पसरत होतं, आणि ती नुसती बघत होती.

"ताई, चूक माझी होती," मी म्हणालो. "उघडा समजून अकरा वर्षं मीच बंद ठेवला होता."

ती पायरीवर बसली. स्वतःच्या तळहातांकडे बघू लागली. कॅनच्या कड्यांनी तिथे दोन काळे घट्टे पडलेत. मला वाटलं, आता बोलेल, चार शिव्या तरी घालेल. बरं वाटलं असतं.

"आधी तो नळ बंद कर," ती म्हणाली. "वाया जातंय."

मी नळाला हात घातला. आणि फिरवण्याआधी वाकून बघितलं, त्यावर कुठे बाण आहे का.