हक्काचा कौल

काशीबाय माझी थोरली जाऊ. तिला प्रश्न विचारायची भारी खोड. १९३१च्या शिमग्यात तीच तिला भोवली. देवीची पालखी वाडीतल्या सगळ्या घरी जाणार, फक्त नवऱ्याला सोडून माहेरी परतलेल्या तुळसाच्या दारात नाही, असं देवळात ठरत होतं. आम्ही बायका रिवाजाप्रमाणे पायरीखाली गप्प उभ्या. काशीबायने तिथूनच विचारलं, "का म्हणून?"

देवळात बाईने तोंड उघडलं म्हणून गावचा कारभार बघणाऱ्या गावकर भागोजीने तिला वाळीत टाकलं. ती देवीपुढे नाक घासून चूक कबूल करीत नाही तोवर तिच्याशी कोणी बोलायचं नाही. बोलेल तोही वाळीत. बोलल्याशिवाय जिला घास उतरत नाही, तिला ही शिक्षा! मग मी परड्यात म्हशीला मोठ्याने सांगायची, "आज धाकटा तापलाय गो." पलीकडून काशीबाय तिच्या कोंबड्यांना विचारायची, "काढा दिलास काय गो?" याहून पुढे जायची माझी छाती नव्हती. लाज वाटायची, पण नव्हती.

वैशाखात आमचे हे गिरणीतून रजेवर आले ते एक छापील कागद घेऊन. कराचीच्या काँग्रेसात ठराव झाला होता म्हणे. स्वराज्याची घटना होईल तेव्हा तिच्यात माणसांचे हक्क लिहिलेले असावेत: मत मांडायची मोकळीक, कायद्यापुढे सगळे सारखे, बाई-पुरुष असा भेद नाही. मी ह्यांच्याकडून तीनदा वाचून घेतलं. बाईचं खरंच छापलंय का, ते ह्यांना बोट ठेवून दाखवायला लावलं.

हे कागद घेऊन भागोजीकडे गेले. माणूस वाईट नाही. त्याने नीट ऐकून घेतलं.

"दादू, लिवलंय चांगलं," तो म्हणाला. "पन देवीला मान्य हाय काय, त्ये इचारूया."

ह्यांना पटलं. आणि खोटं कशाला बोलू, मलाही पटलं! विहीर खणायची तर कौल, सोयरीक करायची तर कौल, मग हक्काला का नको?

दुसऱ्या सकाळी गाव जमला. काशीबायलाही बोलावलं. गुरवाने देवीला ओल्या कळ्या लावल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. बराच वेळ काहीच हललं नाही. मग डावी पडली.

"देवीनं नाय म्हटलान," भागोजी म्हणाला. ह्यांनी कागदाची घडी घातली.

काशीबायचा चेहरा उतरला आणि मला स्वतःचाच संताप आला. उजवी पडली असती तरी काय झालं असतं? पुढच्या शिमग्याला कोणीतरी पुन्हा कौल लावला असता. कागदात हक्क लिहिले होते. ते विचारून द्या, असं कुठे लिहिलं होतं? आणि विचारायला तर आम्हीच आलो होतो!

"काशीबाय, घरी चल," मी सगळ्यांदेखत म्हटलं.

"मथुरे, तू पन वाळीत!" भागोजी ओरडला.

काशीबायचे डोळे भरून आले. तरी ती त्याच्याकडे वळली.

"गावकरानू, आता आमी दोघी एकमेकींसंगं बोललो, तर कोन कोनाला वाळीत टाकनार?"

भागोजीने गुरवाकडे पाहिलं. गुरव पुन्हा कळ्या उचलू लागला.

कौल काय लागतो ते बघायला आम्ही थांबलो नाही. बोलत बोलत घरी गेलो.