हौशाची घाटी

दचकू नका, मीच बोलतेय. दाराजवळच्या खुंटीवर लटकलेली पितळी घाटी, बैलाच्या गळ्यातली. माझं काम वाजायचं. बोलायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

एका ओताऱ्यानं मला ओतलं आणि पौडच्या बाजारात गेणूनं मला निवडलं. दुकानातल्या साऱ्या घाट्या कानाशी धरून हलवल्या बुवानं! मग म्हणाला, "हिचा आवाज लई गोड हाय." तेव्हा मी अशी फुगले की विचारू नका.

गेणूचे बैल दोन, हौशा आणि गबऱ्या. मी हौशाच्या गळ्यात. गबऱ्याची नजर अधू. भातखाचरात चिखलणी करताना तो माझ्या आवाजावर पाऊल उचली. मुळशीत आता ट्रॅक्टर फिरतात, पण गेणूच्या उतारावरच्या चिंचोळ्या खाचरांत ते वळतच नाहीत.

यंदा भाद्रपदात पावसानं नुसतं थैमान घातलं. भर दुपारी गोठ्याची भिंत हौशाच्या अंगावर कोसळली. मीही त्याच्यासोबत मातीखाली होते. त्याचा श्वास थांबला तसा माझाही आवाज बंद झाला.

आमच्या वाडीत राबलेला बैल उघड्यावर ठेवत नाहीत. संध्याकाळच्या आत सगळे जमले. बांधालगत खड्डा खणला, मीठ टाकलं, हळद-कुंकू वाहिलं. गेणूच्या बायकोनं, तुकाबाईनं, हौशाच्या तोंडाशी भाकरी ठेवली. फोटो काढायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. गेणूनं तेवढं मला सोडवून घेतलं. तेव्हापासून मी त्याच्या बंडीच्या खिशात.

पाऊस उघडल्यावर तलाठी गौतमी मॅडम पंचनाम्याला आल्या.

"बैल कुठाय?"

"पुरला की, ताई."

"अहो, पंचनाम्याआधीच? डॉक्टरांनी तपासल्याशिवाय सरकारी मदत कशी मिळणार?"

"मग काय पावसात कुजत ठिवायचा व्हता?"

पोरगी वाईट नव्हती. तिचाही चेहरा पडला. "उद्या डॉक्टरांना घेऊन येते, बाबा. तोवर माती उकरून ठेवा."

ती मदत मिळाली तरच गबऱ्याला जोडीदार येणार होता. नाहीतर एकटा बैल चिखलात काय ओढणार? त्याला विकावंच लागणार होतं.

सकाळी गेणू कुदळ घेऊन बांधावर गेला. दोन घाव घातले आणि खालून हळदीची पिवळी माती वर आली. त्याचे हात थांबले.

"माझ्याच्यानं न्हाई व्हायचं."

"ऱ्हाऊ द्या," तुकाबाई म्हणाली. "निजलाय त्यो."

दोघांनी माती परत सारखी केली. मॅडम डॉक्टरांना घेऊन आल्या, सारखी केलेली माती पाहिली आणि गेल्या. मदत आली नाही.

गेल्या आठवड्यात व्यापाऱ्याचा टेम्पो आला. गबऱ्या काही केल्या फळीवर चढेना. व्यापाऱ्यानं काठी उगारली.

"मारू नगा!" म्हणत गेणू स्वतःच टेम्पोत चढला. खिशातून मला काढलं आणि वाजवलं.

गबऱ्यानं कान टवकारले. हौशा पुढं आहे असंच त्याला वाटलं. बिचारा धावत चढला हो!

परत येऊन गेणूनं मला या खुंटीला टांगलं, ते आजतागायत हात लावलेला नाही. पण वारा सुटला की मी आपोआप किणकिणते आणि तुकाबाई चुलीपुढून उठून रिकाम्या गोठ्याकडं बघते. मला ते पाहवत नाही.

तुमच्यापैकी कुणी या वाटेनं आलात, तर एवढं करा. माझ्या पोटातला लोलक काढून न्या. एकदा वाजून मी गबऱ्याला फसवलंय. आता मला वाजायचं नाही.