तांदळावरचं नाव

मंदाकिनीबाईंनी एकदा मनात घेतलं की ब्रह्मदेवाचीही मात्रा चालत नसे. लष्करातल्या नवऱ्यामागून त्या साताऱ्याहून जयपूरला आल्या आणि तिथल्याच झाल्या, पण लग्नात सुनेचं नाव बदलायचा रिवाज काही त्यांनी सोडला नाही. ताटातल्या तांदळावर अंगठीनं नाव लिहिलं निलयनं, निवडलं मात्र आईनं. चित्राची स्वानंदी झाली. आधारपासून बँकेपर्यंत बाईंनी सगळीकडे बदलून घेतलं आणि घरात फर्मान काढलं, जुनं नाव कुणी उच्चारायचं नाही.

निलय आणि सून दोघंही एचआयव्हीबाधित. औषधं देणाऱ्या केंद्राच्या बाकावरच त्यांचं जुळलं. कळल्यावर बाई आधी पोटभर रडल्या, मग तिथल्या डॉक्टरांना प्रश्न विचारून भंडावलं आणि शेवटी स्वतःच कार्यालय ठरवून आल्या. अशी सासू मिळायलाही नशीब लागतं!

ऑगस्टात जयपूरवर पाऊस असा कोसळला की सांगानेरचे रस्ते नाले झाले. निलय तिथल्या छपाईच्या कारखान्यात अडकला आणि इकडे सुनेला कळा सुरू झाल्या. ठरवलेलं हॉस्पिटल पाण्यापलीकडे. बाईंनी रिक्षा अडवली, "भैया, उडाके ले चलो" म्हणाल्या आणि दुर्गापुऱ्यातलं एक छोटं हॉस्पिटल गाठलं. दुपारी नात झाली. खणखणीत आवाजाची, थेट आजीवर गेलेली.

तिथल्या डॉक्टर गिरिजा नागपूरच्या निघाल्या. मराठी ऐकून बाईंना माहेर भेटलं. सुनेचं दुखणं त्यांनी हळूच कानात सांगितलं.

"काळजी करू नका काकू," गिरिजा म्हणाल्या. "अशा अडीअडचणीला कुठूनही पेशंटची माहिती उघडावी म्हणून यंदाच औषधांची सगळी केंद्रं कॉम्प्युटरनं जोडलीत. नाव सांगा."

"स्वानंदी निलय निकम!"

कॉम्प्युटरवर काहीच येईना. केंद्राचा फोन पावसानं बंद.

"बाळाला औषध लगेच सुरू करते. पण एक द्यायचं की दोन, ते आईच्या रक्तात विषाणू किती आहे त्यावर ठरतं. ते कळेपर्यंत अंगावर पाजायचं जरा थांबू या."

सुनेचा चेहरा पडला. नऊ महिने तिनं एकच ध्यास घेतला होता, बाळाला आपलं दूध मिळावं. एक गोळी चुकवली नव्हती. "आई, माझा रिपोर्ट चांगलाय हो," ती कळवळून म्हणाली.

"मशीनच गयी-गुजरी! नीट बघा की," बाई कॉम्प्युटरवरच घसरल्या. तेवढ्यात नात भुकेनं रडू लागली. इवलंसं तोंड उघडून ती इकडेतिकडे शोधायला लागली. बाईंच्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. केंद्रातलं नाव बदलायचं सून म्हणालीही होती. 'तिथं कोण बघतंय?' म्हणून आपणच टाळलं होतं, आणि आता फर्मानापायी जुनं नाव सुनेच्या ओठांवर येत नव्हतं.

फर्मान गेलं खड्ड्यात. बाई गिरिजांच्या कानाला लागल्या. "चित्रा म्हणून बघा. चित्रा पंढरीनाथ भोईटे. माहेरचं आहे."

सुनेच्या मोबाइलवर संमतीचा कोड आला, तो तिनं वाचून दाखवला आणि माहिती उघडली. औषधं, तपासण्या, सगळं जागच्या जागी. गिरिजांनी शेवटचा रिपोर्ट वाचला आणि त्यांचा चेहरा फुलला.

"विषाणू सापडतच नाही इतका कमी आहे! एकच औषध पुरे, काकू. आणि खुशाल पाजू दे."

सुनेनं लेकीला छातीशी घेतलं. लेकीनं क्षणभर धडपड केली, मग घट्ट धरलं. सून हसत होती आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. बाईंचा आनंद तर गगनात मावेना. त्यांनी निलयला फोन लावला आणि काही न बोलता तो नातीच्या तोंडाजवळ धरला. चुटूचुटू, चुटूचुटू.

 पलीकडे गुडघाभर पाण्यात उभा असलेला निलय सगळ्या कारखान्याला ऐकू जाईल असा ओरडला, "दूध पी रही है! मेरी बेटी दूध पी रही है!"